दोन दारांनी आलेलं नाव

मित्रांनो, माझा उजवा कान काळ्या चिकटपट्टीने बांधलेला आहे. डाव्या कानाची गादी फाटून आतला स्पंज बाहेर डोकावतो. तोंडापुढे येणारी माझी बारीक दांडी पूर्वी कशी ताठ उभी राहायची, आता ती मान टाकते. मी एक जुना हेडफोन आहे. नुसती गाणी ऐकायचा नव्हे हं, मला माइक आहे. म्हणजे मला कानही आहेत आणि तोंडही. फक्त माझं स्वतःचं म्हणून बोलायला मला कधी मिळालं नाही. आज मिळालं आहे, तर बोलून घेतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर आमच्यासारख्यांच्या माइकमध्ये हळूच फुंकर मारून बघायच्या. माझ्या वेळी त्यांनी फुंकर मारली, समोरच्या यंत्राचा काटा हलला, आणि त्या म्हणाल्या, "चला, हा बोलतो." माझ्याबद्दल कोणी काढलेले ते पहिले उद्गार. पुढे माझं कौतुक पुष्कळ झालं, पण त्या शब्दांनी जसं अंग फुललं तसं पुन्हा फुललं नाही.

मग दुकानात मी बरेच दिवस खिळ्याला टांगून होतो. एकदा एक उंच, किंचित वाकलेला माणूस आला. त्याने मला उचललं, किंमत पाहिली, परत टांगलं. दुसऱ्याला उचललं, त्यालाही टांगलं. शेवटी पुन्हा माझ्याकडेच आला. बरोबर त्याची बायको होती, तिच्या कडेवर लहान मुलगी.

"हे कंपनी देत नाही का रे?" बायकोने विचारलं.

"कायमच्या लोकांना देते. मी कंत्राटी."

"म्हणजे काम कंपनीचं आणि कान आपले!"

तो हसला. मला तो तेव्हाच आवडला. घरी आल्यावर त्याने मला डोक्यावर चढवलं, दांडी ओठांजवळ आणली आणि म्हणाला, "हॅलो, आवाज येतोय ना?" त्यानंतर वर्षानुवर्षं आमची सकाळ याच वाक्याने उजाडली.

कंत्राटी म्हणजे काय, ते मला हळूहळू कळत गेलं. आमचा माणूस संगणकाचं काम करायचा, पण ज्या कंपनीचं करायचा तिच्या नोकरीत तो नव्हता. मधे एक एजन्सी होती. कंपनीने एजन्सीला सांगायचं, एजन्सीने याला पाठवायचं. करार सहा महिन्यांचा. सहा महिने संपत आले की मुदतवाढीची वाट बघायची. ती मिळेपर्यंत हा घरात हळू आवाजात बोलायचा, आणि मिळाली की आंघोळ करताना गायचा. ऑफिसात कायमच्या लोकांच्या गळ्यात निळी पट्टी असायची, कंत्राटी लोकांच्या गळ्यात करडी. कोणाचा वाढदिवस असला की केक सगळ्यांना मिळायचा. फोटोच्या वेळी मात्र कोणीतरी म्हणायचं, "फक्त आपले लोक या." मग हा बशी हातात घेऊन बाजूला सरकायचा. बहुतेक वेळा फोटो काढायचं काम त्याच्याकडेच यायचं. घरी येऊन तो हे इतकं रंगवून सांगायचा की बायको हसून लोटपोट व्हायची. मी त्याच्या गळ्यात लटकून ते सगळं ऐकायचो, आणि मला वाटायचं की हे सगळं विनोदीच असणार.

काम मात्र त्याने कधी कंत्राटी मनाने केलं नाही. ती शहराला पाणी पुरवणारी कंपनी होती. घरोघरची पाण्याची बिलं संगणकाच्या ज्या व्यवस्थेतून निघायची, ती फार जुनी आणि फार हट्टी. महिनाअखेरीला ती कुठे ना कुठे अडून बसायचीच. मग माझ्या कानांत चारपाच आवाज एकदम आदळायचे. "नळवाले आहेत का? अहो, नळवाल्यांना घ्या आधी लाइनवर!" आमच्या माणसाचं ते ऑफिसातलं नाव. तो शांतपणे म्हणायचा, "आहे, आहे. घाबरू नका. काय म्हणतंय आपलं बाळ?" बाळ म्हणजे ती जुनी व्यवस्था. मग तो एकेक प्रश्न विचारत जायचा आणि थोड्या वेळाने तिकडून सुस्कारा ऐकू यायचा. त्याच्या वरच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "नळवाले, तुमचा आवाज आला ना, की माझा चहा गोड लागतो." तो आवाज मी पोचवला होता, मित्रांनो. त्या दिवशी मीही थोडा ताठ बसलो होतो.

घरातही माझं बरं चाललं होतं. रांगत्या लेकीने माझी वायर चावली. त्या दातांच्या खुणा अजून आहेत. पुढे चालायला लागल्यावर तिने माझ्यावर पाय दिला आणि माझा उजवा कान मोडला. बायको म्हणाली, "आता तरी नवा आण." त्याने चिकटपट्टी काढली, दाताने तोडली आणि मला बांधत म्हणाला, "नको गं. याला माझा आवाज ओळखीचा झालाय." 

वर्षं अशीच गेली. लेक शाळेत जायला लागली. बायको एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली आणि तिथेच स्थिरावली. आणि मग एका दुपारच्या बैठकीत मॅडम नेहमीपेक्षा सावकाश बोलल्या.

"कंपनीने सगळं काम बाहेरच्या एका मोठ्या फर्मला द्यायचं ठरवलंय. या वेळी कोणाचीच मुदत वाढणार नाही. नळवाले... तुमचीसुद्धा नाही."

"बरं," तो म्हणाला.

"एक विनंती आहे. जाण्याआधी तुमच्या डोक्यातलं सगळं रेकॉर्ड करून ठेवाल? नव्या मुलांना ऐकता येईल."

संगणकाच्या कामातल्या लोकांची ही रीतच आहे. जाणाऱ्याने आपली जागा झाडून, पुसून, दुसऱ्याला दाखवून जायचं. आमच्या माणसाने तर त्यात जीव ओतला. खोलीचं दार लावून तो दिवसचे दिवस माझ्यापाशी बोलत बसला. धाकट्या भावाला घर दाखवावं तसं. "हे बघा, इथे एक गंमत आहे. आकडा उणे आला तर घाबरू नका, माणूस गावाला गेला असेल, मीटर झोपला असेल." "इथे मात्र कधीही घाई करायची नाही हं." मधेच हसायचा, खोकायचा, पाणी प्यायचा. तेही सगळं रेकॉर्ड झालं.

बायको दार किलकिलं करून ऐकायची. एकदा ती म्हणाली, "अरे, थोडं तरी स्वतःजवळ ठेव. सगळं देऊन बसलास तर तुला परत कोण बोलावेल?"

"अर्धवट सांगितलं तर कोणाच्या तरी घरी चुकीचं बिल जाईल. एखादी म्हातारी रांगेत उभी राहील ते निस्तरायला."

"आणि तू कुठल्या रांगेत उभा राहशील?"

त्यावर त्याने मला डोक्यावर चढवलं आणि पुढचा भाग सुरू केला.

निरोप पडद्यावरच झाला. सगळे छान बोलले. मॅडम नुसता हात हलवत राहिल्या. मग एकेक चेहरा विझत गेला आणि शेवटी पडद्यावर हा एकटाच, स्वतःकडे बघत राहिला.

पहिले काही आठवडे मजेत गेले. त्याने दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, लेकीच्या कपाटाला पिवळा रंग दिला, तिला शाळेतून आणायला जाऊ लागला. "अशी सुट्टी मिळते कुठे!" असं भेटेल त्याला सांगायचा. पूर्वी एक करार संपायच्या आत दुसरा हातात असायचा, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. पण या वेळी बाजारच थंड पडला होता. कंपन्या माणसं काढत होत्या. एकेका जागेवर शेकडो जण तुटून पडत होते. काही कामं तर आता यंत्रंच करतात म्हणे. एजन्सीवाल्यांचे फोन यायचे, नाही असं नाही. पहिल्या फोनला यांचा आवाज मधाळ असतो. दुसऱ्या फोनला त्यांना घाई असते. तिसरा फोन आपण करायचा असतो, आणि तो ते उचलत नाहीत. "कळवतो" हा शब्द मी त्या काळात इतक्यांदा ऐकला, की मला वाटायला लागलं, निरोप घ्यायची ही नवी पद्धत असेल.

एका मुलाखतीत एक जण म्हणाला, "इतकी वर्षं एकाच जुन्या सिस्टीमवर? मग नव्यात तुम्हाला अनुभव कमीच पडणार." त्याच आठवड्यात दुसरीकडची बाई म्हणाली, "एवढा अनुभव असलेल्या माणसाला हे काम फार छोटं वाटेल हो." तो मला काढून टेबलावर ठेवत बायकोला म्हणाला, "एकाला मी आखूड होतो, दुसरीला लांब. मधल्या मापाचं गिऱ्हाईक भेटलं की झालं."

एका मुलाखतीत तर तिकडे माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटायचा, खाली एक पट्टी सरकायची, आणि ती संपायच्या आत उत्तर द्यायचं. 'तुमच्या मोठ्या अपयशाविषयी सांगा.' आमच्या माणसाने घसा साफ केला आणि मनापासून सांगायला लागला. ऐन अपयशाच्या मधोमध पट्टी संपली. पडद्यावर आलं, 'धन्यवाद.' "धन्यवाद," तोही म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, ऐकायला कोणीच नाही. तरी दांडी ओठांपासून दूर न करता तो तसाच बसून राहिला. अर्ध्यावर राहिलेलं त्याचं वाक्य माझ्या तोंडाशी थांबलं होतं. ते पुढे कुणीच पुरं केलं नाही.

हळूहळू मुलाखतीही आटल्या. पण रोज सकाळी दाढी करून, शर्ट घालून तो टेबलाशी यायचा आणि मला डोक्यावर चढवायचा. एका दुपारी बायको जेवायला घरी आली. तिने बघितलं, पडदा काळा होता आणि तो मला घालून बसला होता.

"कोणाचं ऐकतोयस रे?"

"कोणाचंच नाही."

"मग काढ ना ते कानांवरून."

"असू दे. सवय आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "हे काढलं की घरात मी नुसता बसलेला दिसतो."

तिने ताट त्याच्या टेबलावर आणून ठेवलं आणि आपलंही तिथेच घेतलं.

याच सुमारास तिच्या मोठ्या भावाचा फोन आला. दूरच्या गावी त्याचं फरशांचं गोदाम आहे. घरात सगळे त्याला दादाच म्हणतात.

"भाऊजी, आधी ऐकून घ्या, मग बोला. मी उपकार वगैरे करत नाहीये. माझ्याकडे फरशा येतात किती, जातात किती, फुटतात किती, कोणाला पत्ता नाही. मला घरचा माणूस पाहिजे. राहायला वर खोली आहे. महिनाअखेरीपर्यंत सांगा. नंतर मला दुसरा बघावाच लागेल, सीझन सुरू होतो."

"दादा, हिचं दुकान..."

"तिला कशाला हलवता? तिची लागलेली नोकरी आहे, पोरीची शाळा आहे. तुम्ही एकटे या. सुट्टीत जाल की घरी."

मित्रांनो, तेव्हापासून घरात एकच गोष्ट होती. महिनाअखेरीच्या आत काम मिळालं, तर तिघं एका घरात. नाही मिळालं, तर दोघी इथे आणि तो तिकडे. कोणी हे मोठ्याने म्हणायचं नाही. लेकीने मात्र एकदा गृहपाठ करता करता विचारलं, "बाबा, तू गेलास तर माझं गणित कोण घेणार?"

"आई घेईल."

"आई ओरडते."

"मी ओरडत नाही, मी समजावते!" आई आतून ओरडली. तिघंही हसले. पण मग त्याने तिच्या वहीवर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ तिथेच होता.

आणि तेव्हा एक फोन आला. या एजन्सीवाल्याला मी मनात गोडबोल्या म्हणायचो.

"सर! कसे आहात, सर? तुमच्यासाठीच बनलेली जागा आहे, सर!"

"कंपनी कोणती?"

"नाव नाही सांगता येणार, सर, गोपनीय आहे. पण मोठं आहे. जुनी सिस्टीम, आर्थिक व्यवहार. अनुभवी माणूसच पाहिजे म्हणतात. तुम्ही फक्त हो म्हणा, मी पाठवलंच तुमचं नाव."

तो हो म्हणाला.

इथे मला तुम्हाला एक समजावून सांगायला हवं. एजन्सीवाले कंपनीचं नाव लपवतात. का, तर उमेदवार दुसऱ्या एजन्सीकडून गेला तर यांची दलाली बुडते. आणि कंपन्यांचा एक नियम असतो. एकाच माणसाचं नाव दोन एजन्सींकडून आलं, तर माणूस कोणाचा यावरून भांडण नको म्हणून ते नाव दोन्हीकडून बाद करायचं. आता बघा, कुठल्या घरात चाललो आहोत हे सांगायचं नाही, आणि एकाच घरात दोन दारांनी गेलात तर हाकलून द्यायचं. आमच्या माणसाला हा नियम चांगला माहीत होता. प्रत्येक वेळी तो खोदून खोदून विचारायचा.

गोडबोल्या त्यानंतर गप्प झाला. आमच्या माणसाने फोन केला तेव्हा म्हणाला, "वरती गेलंय, सर, वरती! कळवतो." पुढचे फोन नुसतेच वाजत राहिले. महिना उताराला लागला. दादाचा एकदा निरोप आला, "खोलीला रंग काढू ना?"

मग दुसऱ्या एका एजन्सीच्या ताईंचा फोन आला. नाक चोंदलेलं, पण बोलणं साधं.

"एक काम आलंय बघा. ग्राहकसेवेचं आहे. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवायचीय. तुमचं नाव घालू का?"

आमचा माणूस पुढे सरकून बसला. "ताई, एक विचारतो, रागावू नका. मी मधे एका ठिकाणी हो म्हटलंय. जुनी सिस्टीम, आर्थिक व्यवहार, असं काहीतरी होतं. हे तेच नाही ना?"

तिकडे कळांची टकटक झाली. "नाही हो. माझ्यासमोर ग्राहकसेवा लिहिलंय. आर्थिक वगैरे काही दिसत नाही."

"कंपनीचं नाव नाही का सांगता येणार? नुसतं पहिलं अक्षर?"

"माझी नोकरी जाईल हो." त्या शिंकल्या. "आणि आज दुपारी यादी बंद होतेय. घालू की नको?"

त्याने वर पाहिलं. बायको दुकानात जायला निघाली होती, चपला घालता घालता थांबली होती. तिला तिकडचं काही ऐकू येत नव्हतं. ती नुसती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याचा श्वास माझ्या माइकवर आपटला.

"घाला," तो म्हणाला.

त्या ताई खोटं बोलल्या नव्हत्या. गोडबोल्याही नाही. हे मला तीनचार दिवसांनी कळलं, जेव्हा माझ्या कानांत फार दिवसांनी ओळखीचा आवाज आला.

"नळवाले?"

तो ताडकन सरळ झाला. त्याला त्या नावाने किती दिवसांत कोणी हाक मारली नव्हती. "मॅडम! आवाज येतोय ना?"

"येतोय. येतोय हो." मग त्या थांबल्या. "तुम्ही असं का केलंत?"

"काय केलं, मॅडम?"

"त्या फर्मला आपलं बाळ झेपलं नाही. पोरांना तुमची रेकॉर्डिंग पाठ झालीत, तुम्ही कुठे खोकलात तेसुद्धा. पण नवं काही अडलं की काय करणार? मी वरती भांडले. एक जागा मिळवली. दोन वर्षांची. सरळ तुम्हाला फोन करायची सोय नव्हती, माणूस एजन्सीकडूनच यायला हवा आणि आधी कोणाला कळवायचं नाही, अशी सही घेतात आमची. म्हणून मी त्या जागेचं वर्णन असं लिहून दिलं, की तुमच्याशिवाय कोणाला ते बसूच नये. नाव तेवढं लिहायचं ठेवलं होतं. म्हटलं, वाचतील आणि ओळखतील."

"मला ते वाचायला मिळालंच नाही, मॅडम. एकाने आर्थिक व्यवहार सांगितले. एकीने ग्राहकसेवा."

"त्यांनी आपापल्या भाषेत लिहिलं असेल." मॅडमचा आवाज बारीक झाला. "यादी आली. त्यात तुमचं नाव दिसलं. दोनदा दिसलं. मी एवढी खूश झाले की दोनदा का, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मग खाली बघितलं. दोन्ही बाद."

"पण माणूस एकच आहे ना, मॅडम? दोन्हीकडून मीच आलोय."

"मी तेच म्हणाले. ते म्हणाले, नियम त्यासाठीच आहे."

आमच्या माणसाने खुर्चीला पाठ टेकली.

"मग दुसरा घेतला का?"

"घेतला. मुलगा चांगला आहे. तुमची रेकॉर्डिंग ऐकत बसलाय."

आमच्या माणसाने डोळे पुसले. मला वाटलं, आता हा मला काढून फेकणार. पण त्याने दांडी ओठांजवळ आणली. "त्याला सांगा, महिनाअखेरीच्या भागात मी एक सांगायचं विसरलोय. जोडणी बदललेल्या घरांना आधीच्या मालकाचं बिल जातं. ती आधी बाजूला काढायची. मला ते नंतर आठवलं." आणि तो सगळं नीट, पायरी पायरीने सांगत गेला. तिकडे मॅडम हूं हूं म्हणत होत्या. त्या रडत होत्या. ते त्याला कळलं की नाही, माहीत नाही. मला कळलं होतं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. आधी ती हसली. खरंच हसली. "म्हणजे त्यांना तूच हवा होतास, तू दोनदा गेलास, म्हणून तू नको?"

"हो."

"म्हणजे तुला नाही असं कोणीच म्हणालं नाही?"

"नाही. कोणीच नाही."

"मग रागवायचं तरी कोणावर रे?" असं म्हणत ती खाली फरशीवरच बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. तो तिच्या शेजारी बसला. मी टेबलाच्या कडेला वायरीने लोंबकळत होतो आणि मला काहीच करता येत नव्हतं. असे प्रसंग हेडफोनच्या आयुष्यात येऊ नयेत.

मग त्याने दादाला फोन लावला. "खोलीला रंग काढा," एवढंच म्हणाला.

जायच्या दिवशी बॅग भरताना लेकीने मला उचलून त्याच्यापुढे धरलं. "हा राहिला, बाबा."

"तिकडे तो कशाला? फरशा बोलत नाहीत." त्याने मला तिच्याच डोक्यावर घातलं, पट्टी लहान केली, तरी मी तिला मोठाच झालो. "तुझ्या अभ्यासाला होईल." मग तो तिच्या कानांवर, म्हणजे माझ्यावर, दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्याच्या तळहातांची ऊब मला पहिल्यांदाच कळली. एवढी वर्षं मी त्याच्या डोक्यावर होतो, त्याच्या हातांत असा कधी आलो नव्हतो.

आता मी लेकीच्या टेबलावर असतो. शाळेचे धडे ऐकतो. पहिल्या रविवारी त्याचा फोन आला. लेकीने मला घातलं, आणि मित्रांनो, त्याचा आवाज तिकडून आला. आजवर तो माझ्या तोंडाशी बोलायचा आणि मी तो दूर पाठवायचो. दूर असलेल्या माणसाला तो कसा ऐकू येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. फार जवळचा वाटतो हो. हात पुढे केला तर लागेल असा.

तो फरशांबद्दल सांगत होता. पांढऱ्या जास्त फुटतात, त्यांना आडवं ठेवायचं नाही. दादा खूश आहे. वरच्या खोलीतून एक चिंचोळा रस्ता दिसतो. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तू परत कधी येणार?"

तिकडे गोदामात काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला.

"खरं सांगू? मला माहीत नाही, बाळा."

मला वाटलं, ही आता रडणार. पण ती म्हणाली, "बरं. मग गणित घे," आणि तिने वही उघडली. तो तिकडून एकेक उदाहरण विचारत गेला. एक उदाहरण काही केल्या सुटेना. तेव्हा तो म्हणाला, "थांब, घाबरू नकोस. पहिल्यापासून सांग." ती पहिल्यापासून सांगायला लागली.

मित्रांनो, माझ्या फाटक्या गादीसाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. वस्तू झिजतात, ते त्यांचं कामच आहे. मागायचं ते एवढंच. तुमच्या घरात, शेजारी, मैत्रिणीकडे कोणी काम शोधत बसलेलं असेल, तर त्याला "काय झालं तुमचं?" असं जाता येता विचारू नका. त्याच्या टेबलाशी जाऊन बसा, आपलं काही अडलेलं त्याला दाखवा. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला काम द्यायचं की नाही हे तुमच्या हातात येईल. द्यायचं नसेल तर खुशाल नाही म्हणा, पण ते त्याला फोन करून, त्याच्या कानात म्हणा. तिकडून कोणीच बोलत नसलं ना, की माझ्यात एक बारीक खरखर चालू असते. तुम्हाला ती ऐकू येणार नाही इतकी बारीक. तो माणूस रोज दाढी करून, शर्ट घालून, दिवसभर ती ऐकत बसायचा.